मर्ज आणि मर्जी

जानेवारीचा मध्य आला की आम्हा गोमंतकीय मराठी वाचकांच्या वर्तमानपत्रात दोन बातम्या एकापाठोपाठ एक येतात. १६ जानेवारीला गोव्यात 'अस्मिताय दिस' साजरा होतो. १९६७ साली त्या दिवशी जनमत कौल झाला आणि गोवा महाराष्ट्रात विलीन झाला नाही, त्याची ही आठवण. दुसऱ्या दिवशी, १७ जानेवारीला, चोर्ला घाट चढून वर गेल्यावर जो मुलूख लागतो तिथे, म्हणजे बेळगाव, खानापूर, निपाणी या भागात, हुतात्मा दिन पाळला जातो. १९५६ साली त्या दिवशी बेळगावात आणि निपाणीत गोळीबार होऊन माणसे मेली, कारण त्यांना महाराष्ट्रात जायचे होते. घाटाखाली ज्या गोष्टीतून सुटल्याचा आनंद, घाटावर तीच गोष्ट मिळाली नाही म्हणून सुतक. मध्ये अंतर एका रात्रीचे.

या दोन्ही बातम्यांत एकच इंग्रजी क्रियापद आहे. 'मर्ज'. आपल्या आधीच्या पिढीने हा शब्द इतका वापरला की तो इंग्रजी आहे हेच विसरायला झाले. अमका मर्जरवाला, तमका मर्जरच्या विरुद्ध, अशी माणसांची ओळख सांगितली जायची. सोयरीक जुळवतानासुद्धा ती चौकशी होत असे म्हणतात. पण या शब्दाच्या पोटात काय आहे ते आपण कधी पाहिले नाही. म्हटले, एकदा पाहावे.

इंग्रजीतला 'मर्ज' हा लॅटिनमधल्या 'मेर्गेरे'चा नातू. मेर्गेरे म्हणजे बुडवणे, बुडी मारणे. इंग्रजीत तो सतराव्या शतकात आला तेव्हाही त्याचा अर्थ पाण्यात बुडवणे हाच होता. दोन गोष्टी एक होणे हा अर्थ नंतरचा. लॅटिनमध्ये 'मेर्गुस' नावाचा एक पक्षीही आहे, पाण्यात सूर मारून मासा पकडणारा. गंमत म्हणजे आपल्याकडे संस्कृतात 'मद्गु' नावाचा पक्षी आहे, तोही बुडी मारणारा. छांदोग्य उपनिषदात सत्यकाम जाबालाला बैल, अग्नी आणि हंस यांच्यानंतर ब्रह्माचा चौथा पाद शिकवतो तो हा मद्गु. मेर्गुस आणि मद्गु हे दूरचे चुलतभाऊ आहेत असे भाषाशास्त्रज्ञ सांगतात. संस्कृतातला धातू 'मज्ज्', म्हणजे बुडणे. त्यापासून मज्जन, मग्न, निमग्न. म्हणजे आपण एखादा माणूस वाचनात मग्न आहे म्हणतो तेव्हा तो वाचनात बुडालेला असतो, आणि नकळत आपण 'मर्ज'चाच सख्खा शब्द उच्चारत असतो.

गोव्यातल्या जुन्या माणसांना हे सांगायला संस्कृतापर्यंत जायचीही गरज नाही. ज्यांनी लिसेवमध्ये पोर्तुगीज घोकली त्यांना 'मेर्गुल्यार' ठाऊक असते. बुडी मारणे. त्याच मुळातून इंग्रजीत 'इमर्ज' आला, म्हणजे बुडालेला वर येणे. आणि इमर्जपासून 'इमर्जन्सी', अचानक वर उसळलेले संकट. १९७५ सालापासून हा शब्द आपल्या खेड्यापाड्यांत पोचला. मर्ज आणि इमर्जन्सी एका आईची लेकरे आहेत हे मात्र कोणी सांगितले नव्हते.

आता बुडण्याचे दोन प्रकार असतात. पाणकावळा मांडवीत बुडी मारतो आणि चोचीत मासा धरून पलीकडे वर येतो. हे एक बुडणे. मिठाचा खडा पाण्यात टाकला की तोही बुडतो, पण वर येत नाही. हे दुसरे. 'मर्ज' या क्रियापदाचे पुढचे सगळे राजकारण या दोन बुडण्यांतल्या फरकावर उभे आहे.

हा शब्द पाण्यातून बाहेर काढला तो इंग्लंडच्या वकिलांनी. अठराव्या शतकात जमिनीच्या कायद्यात 'मर्जर' म्हणून एक तत्त्व रूढ झाले. एकाच जमिनीवरचा लहान हक्क आणि मोठा हक्क एकाच माणसाच्या हाती आला, तर लहान हक्क मोठ्यात बुडतो. विल्यम ब्लॅकस्टोन या कायदेपंडिताने आपल्या ग्रंथात हे समजावताना बुडून मरण्याचाच अर्थ स्पष्ट दिला आहे. हेच तत्त्व आपल्याकडे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात, कलम १११ मध्ये आले. समजा तुम्ही एका घरात भाडेकरू आहात आणि तेच घर तुम्ही विकत घेतले. त्या क्षणी तुमचा भाडेकरूपणा मालकीत बुडाला. स्वतःच स्वतःचा भाडेकरू कसा राहणार? इथे कोणाचे नुकसान नाही. पण तत्त्व नीट ध्यानात घ्यावे. मर्ज व्हायला एक लहान लागतो आणि एक मोठा लागतो. आणि बुडतो तो लहान.

संगणकावर एक्सेलमध्ये काम करणाऱ्यांनी हे रोज पाहिलेले असते. दोन भरलेले चौकोन 'मर्ज' करायला गेलात की एक सूचना येते: वरच्या डाव्या कोपऱ्यातला मजकूर तेवढा राहील, बाकीचा जाईल. ब्लॅकस्टोनला हे पाहून समाधान वाटले असते.

मराठीत या शब्दाला आपण 'विलीन होणे' म्हणतो. भाषांतर बरोबर की चूक यापेक्षा ते बोलके आहे. 'ली' म्हणजे चिकटणे, विरघळणे. त्यातून लय, विलय, प्रलय, लीन, तल्लीन. मेर्गेरेमधला बुडालेला निदान तळाशी शिल्लक असतो. विलीन झालेला विरघळून जातो. म्हणूनच मराठी वर्तमानपत्रे मोठा माणूस गेला की तो 'अनंतात विलीन' झाला असे लिहितात. एकाच पानावर वरती एखाद्या बँकेचे विलीनीकरण आणि खाली एखाद्या नेत्याचे विलीन होणे, दोन्ही बातम्या शेजारी शेजारी छापून येतात आणि आपल्याला त्यात काही वावगे वाटत नाही. कन्नडमध्येही शब्द हाच, 'विलीन'. सीमेच्या दोन्ही बाजूंनी एकच शब्द उसना घेतलेला, एकाच संस्कृत सावकाराकडून.

आता हा शब्द बेळगावात कसा पोचला ते पाहू.

बेळगाव शहराला लागून शहापूर आहे. आज ते शहराचाच भाग वाटते. परंतु स्वातंत्र्याच्या वेळी बेळगाव होते ब्रिटिश मुलखात आणि शहापूर होते सांगली संस्थानात. एका पेठेतून दुसऱ्या पेठेत गेले की राज्य बदलायचे. पटवर्धनांची संस्थाने अशीच तुकड्यातुकड्यांनी विखुरलेली होती. दक्षिणेतली ही संस्थाने ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाली. आमच्या पेडण्याला खेटून असलेली सावंतवाडीही त्यांच्याबरोबरच गेली. कोल्हापूर त्यानंतर, १ मार्च १९४९ ला. निपाणी कोल्हापूरच्या दारातच. कोल्हापूर साधारण ४० किलोमीटर, बेळगाव ७५.

त्या वेळी जो कागद झाला त्याचे नाव 'मर्जर अॅग्रीमेंट'. याच्या आधी १९४७ साली संस्थानिकांनी सह्या केल्या होत्या तो सामीलनामा. सामील होणे म्हणजे बरोबर येणे. तुम्ही तुमच्या पायावर उभे राहून दुसऱ्याच्या पंक्तीला बसता. मर्जरमध्ये मात्र राजाने आपला सगळा अधिकार सोडायचा आणि त्या बदल्यात तनखा घ्यायचा. सामील आणि विलीन या दोन शब्दांमधले अंतर संस्थानिकांनी वर्ष दीड वर्षात कापले. शहापूरच्या विणकराला कोणी विचारले नाही, विचारण्याची पद्धतही नव्हती. राजाने सही केली आणि शहापूर विलीन झाले. खरे म्हणजे, विलीन 'केले गेले'.

इथे मराठीचा एक गुण दिसतो. इंग्रजीत 'मर्ज' हे क्रियापद दोन्हीकडे चालते. आम्ही मर्ज झालो, त्यांनी आम्हाला मर्ज केले, शब्द तोच. 'मर्जर' असे नाम केले की तर कर्ताच नाहीसा होतो. मराठीत तसे पळून जाता येत नाही. 'विलीन' हा शब्द एकटा उभा राहत नाही, त्याला पुढे 'होणे' लावावे लागते नाहीतर 'करणे'. होणे लावले तर गोष्ट आपली, करणे लावले तर दुसऱ्याची. सीमाभागाचा सगळा इतिहास मला या दोन साध्या क्रियापदांत बसलेला दिसतो.

१६ जानेवारी १९५६ च्या रात्री पंतप्रधान नेहरूंनी आकाशवाणीवरून मुंबई केंद्रशासित करण्याचा निर्णय जाहीर केला. महाराष्ट्र पेटला. दुसऱ्या दिवशी बेळगावात आणि निपाणीत लोक रस्त्यावर आले, गोळीबार झाला. बेळगाव तेव्हा मुंबई राज्यातच होते, पोलीसही मुंबई राज्याचेच, हे आज पुष्कळांच्या लक्षात नसते. पुढे राज्य पुनर्रचनेचा कायदा झाला आणि १ नोव्हेंबर १९५६ पासून बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. त्यातला एक चंदगड तालुका तेवढा वगळला, तो कोल्हापूरकडे आला. कायद्याच्या कलमात 'मर्ज' हा शब्द नाही. तिथे फक्त यादी आहे: नव्या म्हैसूर राज्यात पुढील प्रदेश असतील, मुंबई राज्यातले बेळगाव, चंदगड वगळून, विजापूर, धारवाड, कानडा. यादीला क्रियापद लागत नाही. किराणा मालाच्या यादीला तरी कुठे लागते?

सीमाभागातल्या माणसांनी या यादीसाठी स्वतःचे क्रियापद शोधले. ते म्हणतात, आम्हाला कर्नाटकात 'डांबले'. गुरे कोंडवाड्यात घालतात तसे. डांबलेला माणूस विरघळत नाही, भिंतीशी धडका मारत राहतो. विलीन आणि डांबणे हे एकमेकांचे अगदी विरुद्धार्थी शब्द आहेत, कोशात तसे दिलेले नसले तरी.

आणि त्यांना जे हवे होते त्यालाही त्यांनी विलीनीकरण हे नाव दिले नाही. संघटनेचे नाव पाहा, 'महाराष्ट्र एकीकरण समिती'. घोषणा पाहा, 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे'. एकीकरणात एक दुसऱ्यात बुडत नाही, दोघे मिळून एक होतात. संयुक्त हा शब्द 'युज्' धातूचा, एका जुवाला दोन बैल जुंपावे तसा. दोन्ही बैल शिल्लक राहतात. ज्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव होऊन चळवळीला रूप आले ते १९४६ चे संमेलन बेळगावातच भरले होते, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष होते. घोषणेतले क्रियापदही नीट ऐकावे. 'केलाच पाहिजे' असे नाही, 'झालाच पाहिजे'.

पण एकीकरण या शब्दावर मराठीचा एकटीचा हक्क नाही, हेही सांगितले पाहिजे. त्याच्या बावीस वर्षे आधी, १९२४ च्या डिसेंबरात, महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन याच बेळगावात भरले. गांधीजी अध्यक्ष झाले ते एवढे एकच अधिवेशन. त्याच वेळी तिथे कर्नाटक एकीकरणाची परिषद झाली. कन्नड भाषकांचा मुलूखही मुंबई, मद्रास, हैदराबाद, म्हैसूर असा वाटला गेला होता, आणि त्यांचेही दुःख खरे होते. त्यांच्या चळवळीचे नाव 'कर्नाटक एकीकरण'. म्हणजे एकाच गावात, एकाच शब्दाने, दोन भाषांनी आपापले स्वप्न पाहिले. दोघांनाही जोडणेच हवे होते. बेळगाव एक आणि जोडणारे दोन, म्हणून एकाचे एकीकरण हे दुसऱ्याला आपले तोडणे वाटले. ज्यांना या वादात फक्त एका बाजूचा खलनायक दिसतो त्यांनी हे १९२४ आणि १९४६ शेजारी शेजारी ठेवून पाहावेत.

आता १९६६ सालाकडे येऊ. त्या वर्षाच्या शेवटच्या तीन महिन्यांत दिल्लीच्या एकाच सरकारने मराठीचे दोन प्रश्न दोन वेगवेगळ्या रीतींनी हातात घेतले. हे मला फार विलक्षण वाटते आणि याबद्दल गोव्यात कोणी फारसे बोलत नाही.

ऑक्टोबरात महाजन आयोग नेमला गेला. मेहेरचंद महाजन सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त सरन्यायाधीश. त्याहून लक्षात ठेवण्याजोगे म्हणजे ऑक्टोबर १९४७ मध्ये काश्मीरचा सामीलनामा झाला तेव्हा ते त्या संस्थानचे पंतप्रधान होते. सामील होण्याचा मामला त्यांनी जवळून पाहिलेला होता. सेनापती बापट त्याच वर्षी सीमाप्रश्नासाठी उपोषणाला बसले होते, वय ८५ च्या पुढे. महाराष्ट्राचे म्हणणे असे होते की खेडे हा घटक धरा, भाषेचे बहुमत पाहा, सलग मुलूख पाहा, आणि लोकांची इच्छा पाहा. आंध्र आणि मद्रास यांच्या सीमेसाठी पाटसकरांनी खेडे हाच घटक धरला होता.

डिसेंबरात गोव्यासाठी जनमत कौलाचा कायदा झाला. भाऊसाहेब बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून. आणि १६ जानेवारी १९६७ ला लोकांनी मत दिले. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पाने म्हणजे केंद्रशासित. दोन पानांना १,७२,१९१ मते, फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१.

थोडक्यात, बेळगावला न्यायाधीश मिळाला आणि गोव्याला मतपेटी. गोव्याला विचारले, 'होता का?' बेळगावसाठी ठरवायचे होते, 'करावे का?'

गोव्याच्या कौलाबद्दल आपल्याकडे साठ वर्षे दोन बाजूंनी लिहिले गेले आहे. मी नव्याने निवाडा करणार नाही. फुलाला मत देणाऱ्यांना वाटत होते की देवळात, भजनात, शाळेत जी मराठी आहे तिच्या मोठ्या घरात आपण जात आहोत. कुळांना आणि मुंडकारांना वाटत होते की भाटकाराच्या पकडीतून सुटण्याचा हा रस्ता आहे. त्यांच्या दृष्टीने हे एकीकरण होते. दोन पानांना मत देणाऱ्यांना ब्लॅकस्टोनचा नियम दिसत होता, त्यांनी त्याचे नाव ऐकले नसले तरी. १९६१ च्या शिरगणतीत गोव्याची लोकसंख्या सहा लाखांच्या आत, महाराष्ट्राची ३ कोटी ९५ लाख. लहान कोण, मोठा कोण आणि बुडणार कोण, हे सांगायला ज्योतिषी नको होता. दोघे एकाच शब्दाबद्दल बोलत होते, पण एकाला पाणकावळा दिसत होता आणि दुसऱ्याला मिठाचा खडा.

एक गोष्ट मात्र दोन्ही बाजूंनी मान्य करावी. हरलेल्यांनी निकाल मानला. त्याच वर्षी निवडणूक झाली आणि ज्या पक्षाचा मुद्दा हरला होता तोच पक्ष पुन्हा सत्तेवर आला. लोकांनी विलीनीकरण नाकारले, भाऊसाहेबांना नाही. आणि मराठीही बुडाली नाही. गोव्यात मराठी वर्तमानपत्रे निघत राहिली, नाटके होत राहिली, तुम्ही आत्ता हा मजकूर वाचत आहात. विचारले गेले होते म्हणून उत्तर पचवता आले.

बेळगावचे काय झाले? महाजन आयोगाचा अहवाल १९६७ च्या ऑगस्टमध्ये आला. बेळगाव शहर म्हैसूरकडेच राहावे, आणि २६४ गावे महाराष्ट्राला द्यावीत, त्यांत निपाणी, खानापूर, नंदगड. उलट दक्षिण सोलापूर, अक्कलकोट, जत भागातली २४७ गावे म्हैसूरला. म्हैसूरने अहवाल स्वीकारला, महाराष्ट्राने फेटाळला, कारण बेळगाव नाही.

इथे निपाणीच्या वाट्याला जे आले त्याचा विचार करावा. आयोगाने निपाणी महाराष्ट्राला दिली होती. तंबाखूची ही पेठ, कोल्हापूर हाकेच्या अंतरावर, हुतात्मे तिथलेही. अहवाल मानला असता तर निपाणीचा प्रश्न १९६७ सालीच सुटला असता. पण बेळगाव सोडून निपाणी घ्यायची नाही, अशी भूमिका ठरली, आणि निपाणी थांबली. तिथल्या मराठी माणसांच्या तीन पिढ्या त्या थांब्यावर आहेत. याला निष्ठा म्हणा किंवा दुर्दैव म्हणा. मात्र निपाणीला 'तुम्ही पुढे होता की बेळगावसाठी थांबता' असे मत देऊन कोणी विचारले नाही. ना बंगळुरूने, ना मुंबईने. करणाऱ्यांत आपलेही लोक असू शकतात, हा धडा निपाणीचा.

पुढचे आपल्याला ठाऊक आहे. १९७३ साली म्हैसूरचे नाव कर्नाटक झाले. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला, ८६५ गावांवर हक्क सांगत. २००५ साली बेळगाव महापालिकेने महाराष्ट्रात जाण्याचा ठराव केला, तेव्हा राज्य सरकारने महापालिकाच बरखास्त केली. २०१४ च्या जुलैमध्ये येळ्ळूर गावच्या वेशीवरचा फलक न्यायालयाच्या आदेशाने काढला गेला आणि गावात लाठ्या चालल्या. त्या फलकावर लिहिले होते 'महाराष्ट्र राज्य येळ्ळूर'. नुसती तीन नामे. क्रियापद नव्हतेच. १९५६ च्या कायद्याने क्रियापदाशिवाय त्यांना एका यादीत घातले, आणि त्यांनी क्रियापदाशिवायच दुसऱ्या यादीत आपले नाव लिहून ठेवले. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला बेळगावचे अधिकृत नाव बेळगावी झाले.

यानंतरच्या काळात 'मर्ज' हा शब्द राजकारणातून उतरून घरोघरी गेला आहे. १ एप्रिल २०२० ला सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत मिसळली आणि गोवा, बेळगाव दोन्हीकडच्या पासबुकांवरचे नाव बदलले. त्याच दिवशी कॉर्पोरेशन बँक युनियन बँकेत गेली. मुले कमी झाली की शाळा 'मर्ज' करतात, आणि गावातली मराठी शाळा मर्ज झाली म्हणजे काय झाले ते आम्हाला समजते. याउलट २०२१ च्या अखेरीस महाराष्ट्रात एसटीचे कर्मचारी संपावर गेले, २०२२ च्या एप्रिलपर्यंत तो चालला, आणि त्यांची मागणीच होती की महामंडळ राज्य सरकारात विलीन करा. म्हणजे बुडणे हे नेहमी संकटच असते असे नाही. बुडणाऱ्याला ते हवे असेल तर ती बुडी होते, नको असेल तर बुडवणे होते.

आपल्या जुन्या माणसांना हे कळले होते असे वाटते. वीरशैव परंपरेत सत्पुरुष देह ठेवतो तेव्हा तो 'लिंगैक्य' झाला म्हणतात. विलीन होण्याचाच हा प्रकार, पण आयुष्यभराच्या साधनेने मिळवलेला. बसवेश्वरांचे ऐक्यस्थान कूडलसंगम, जिथे मलप्रभा कृष्णेला मिळते. ती मलप्रभा उगम पावते बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात, कणकुंबीला. आणि आमची म्हादई उगम पावते त्याच खानापूर तालुक्यात. एकीचे तोंड पूर्वेला, दुसरीचे पश्चिमेला. म्हादई घाट उतरून गोव्यात येते, मांडवी होते आणि समुद्राला मिळते.

नदीसाठी मराठीने विलीन होणे वापरले नाही, 'मिळणे' वापरले. मिळणे म्हणजे भेटणे, आणि मिळणे म्हणजे लाभणेही. नदी समुद्राला मिळते तेव्हा समुद्रालाही काही मिळते. कळसा नाल्याचे पाणी वळवून मलप्रभेत सोडायच्या योजनेवर गोवा आणि कर्नाटक इतकी वर्षे भांडत आहेत, २०१० साली लवाद नेमला, २०१८ साली त्याचा निवाडा आला, तरी भांडण मिटले नाही. त्याचे कारणही त्याच दोन क्रियापदांत आहे. नदी आपणहून मिळते तेव्हा कोणी तक्रार करत नाही. वळवून मिळवली जाते तेव्हा खालचे लोक ओरडतात. पाण्याच्या बाबतीत आम्हा गोमंतकीयांना जे झटकन कळते, ते माणसांच्या बाबतीत बेळगावकर सत्तर वर्षे सांगत आहेत.

हिंदी-उर्दूत 'मर्ज' म्हणजे रोग. देवनागरीत लिहिले की इंग्रजी मर्ज आणि हा मर्ज सारखेच दिसतात. अर्थात दोघांचे नाते काही नाही. तसाच मराठीत मुरलेला आणखी एक शब्द आहे, 'मर्जी'. त्याचे मूळ अरबीतल्या वेगळ्याच धातूत, राजी असण्याच्या. तिघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण शेजारी ठेवले की बरेच काही समजते. मर्ज होण्यात मर्जी नसेल तर उरतो तो मर्ज.

येत्या १६ जानेवारीला गोव्यात कौलाची आठवण निघेल तेव्हा फूल जिंकायला हवे होते की पाने, यावर पुन्हा वाद झडतील. झडू देत. पण त्याच रात्री एकदा घाटाच्या दिशेने पाहावे. पोर्तुगिजांच्या काळात आमचे स्वातंत्र्यसैनिक ज्या बेळगावात आसऱ्याला गेले, १९६१ च्या डिसेंबरात गोव्याकडे निघालेल्या लष्कराचा तळ ज्या गावात पडला, ज्याची भाजी आजही रोज पहाटे आमच्या बाजारात उतरते, त्या गावाला दुसऱ्या दिवशी सकाळी हुतात्मा चौकात जायचे असते. आम्ही 'नाही' म्हणालो आणि ते 'हो' म्हणत राहिले, आमच्यातला फरक तेवढाच नाही. आम्हाला विचारले होते.